पिपांची नाव आणि नाथसागरातील मासेमारी



दौलताबादेत उभे राहून नावेवर बोलावयाचे म्हणजे वाळवंटात छत्रीवर व्याख्यान देण्यासारखे आहे, असे काही मित्रांनी मला सुनावले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आपल्या गावचे पाणी म्हणजे किल्ल्याचा खंदक, हत्ती हौद आणि फार तर मोमबत्ता तलाव. परंतु पैठणच्या पाण्याशी आपले नाते जुने आहे. बाल एकनाथ गुरूच्या शोधात पैठणहून निघाले ते येथेच, देवगिरीवर, जनार्दनस्वामींकडे आले. त्याच नाथांचे नाव आज गोदावरीवरील अफाट जलाशयाला मिळालेले आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रविवारी जो मासा शिजतो, तो बहुधा या नाथसागरातूनच आलेला असतो. तो मासा धरणारा मनुष्य पाण्यावर कशावर बसलेला असतो, एवढ्याच एका गोष्टीविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम हे पाणी केवढे आहे ते पाहू. जायकवाडी धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी बसविली गेली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. (धरण पैठणला आणि नाव मात्र जायकवाडीचे, याचे अनेकांना कोडे पडते. मूळ योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळची होती. जागा बदलली, नाव राहिले.) जलाशय पूर्ण भरला म्हणजे त्याची लांबी सुमारे ५५ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २७ किलोमीटर आणि पसारा सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर होतो. त्यात पाणी मावते १०२ अब्ज घनफुटांच्या वर. या पाण्याला त्या पसाऱ्याने भागले तर सरासरी खोली निघते अवघी आठ-सव्वाआठ मीटर. म्हणजे हा डोह नव्हे. हे एक प्रचंड, उथळ ताट आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे.

धरणापूर्वी येथे नदी होती. आपल्याकडे तिला गोदावरी क्वचितच कोणी म्हणतो, ती गंगा. त्या गंगेच्या काठी भोई आणि कहार मंडळी पिढ्यान् पिढ्या मासे धरीत आली. ज्याच्या खांद्यावर पालखी त्याच्याच हाती जाळे, असा भोयांचा दुहेरी धंदा होता. पालख्या गेल्या, जाळे उरले. नदी अरुंद, काठ दोन्ही बाजूंना दृष्टीच्या टप्प्यात, डोह कोठे आणि उतार कोठे हे पाठ. अशा पाण्यावर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून मनुष्य पार होत असे. इतर नद्यांवर गुळाची काहीलसुद्धा नावेसारखी वापरलेली आहे. या साधनांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्या पाण्यासाठी ती होती, त्या पाण्याला ती पुरेशी होती.

परंतु १९७६ नंतर पाणी बदलले आणि साधन बदलले नाही. किंबहुना बदलले ते उतरत्या दिशेने. भोपळ्याच्या जागी ट्रकची हवा भरलेली ट्यूब आली आणि ट्यूबच्या जागी थर्माकोलचे ठोकळे आले. कायगाव टोक्याच्या पुलाजवळ मी एकदा हिवाळ्याच्या सकाळी उभा होतो. एक वयस्क गृहस्थ थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून, दोन्ही हातांत फळीचे तुकडे घेऊन ते वल्ह्यासारखे मारीत काठाला आले. पाणी आरशासारखे होते. मी म्हटले, “काका, पाणी किती शांत आहे!” तराफा वर ओढता ओढता ते म्हणाले, “आवो गुरुजी, आत्ता शांत हाये. दुपारी वारं सुटलं की ही गंगा ऱ्हात न्हाई, समिंदर व्हतो.”

या वाक्यात जे आहे ते थोडे उकलून सांगतो. वाऱ्याने लाट उठते ती केवळ त्याच्या जोरामुळे नव्हे, तर पाण्यावरून त्याला अडथळ्याविना किती लांब धावता येते यावरही ती ठरते. जुन्या गंगेवर आडवा वारा पाण्यावरून जेमतेम काहीशे मीटर धावे. लाट उठण्याआधी काठ येई. नाथसागरावर त्याला वीस-वीस किलोमीटर धाव मिळते. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा, म्हणजे वळवाच्या आधी नेहमी सुटतो तसा, एवढी धाव मिळाल्यावर कंबरभर लाट उठवू शकतो. आणि पाणी उथळ असल्यामुळे त्या लाटा समुद्रासारख्या लांबट, डुलत्या नसतात. आखूड, उभ्या आणि एकीमागून एक येणाऱ्या असतात. थर्माकोलवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे तेथे काय होते, हे सांगावयास नको. एवढेच नव्हे, गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा गावची शाळकरी मुले याच जलाशयाचे पाणी थर्माकोलवरून ओलांडतात, ही बातमी २०२३ साली झळकली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची आपण होऊन दखल घेतली. तेव्हा प्रश्न केवळ मासेमाराचा राहिलेला नाही.

मग उपाय काय? लाकडी किंवा फायबरची चांगली होडी हा उत्तम उपाय खरा. पण तिची किंमत ऐकून पुष्कळजण पुन्हा थर्माकोलकडेच वळतात. या दोहोंच्या मध्ये एक साधन आहे, त्याला इंग्रजीत पाँटून म्हणतात. आपण पिपांची नाव म्हणू. प्रयागच्या मेळ्यात गंगेवर जे तात्पुरते पूल बांधतात ते ज्यांनी पाहिले असतील, त्यांना वेगळे सांगावयाची गरज नाही. बंद, पोकळ पिपे पाण्यावर ओळीने ठेवावयाची आणि त्यांवर फळ्या टाकावयाच्या, एवढेच ते तंत्र. इराणच्या झर्क्सीझने इ. स. पूर्व ४८० मध्ये आपली सेना समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीवरून पलीकडे नेली, ती नावा जोडून केलेल्या अशाच तरंगत्या पुलावरून. आपल्याला सेना न्यावयाची नाही. दोन माणसे, एक जाळे आणि नशिबात असेल तेवढा मासा न्यावयाचा आहे.

येथे आर्किमिडीजला बोलावू. बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका तिला वर रेटा मिळतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणून बाजारात मिळणारे दोनशे लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप पूर्ण बुडाले तर सुमारे दोनशे किलोचा भार तोलील. येथेच बहुतेकांची फसगत होते. चार पिंपांचे आठशे किलो झाले, मग सातशेचा भार घालावयास काय हरकत आहे, असे त्यांना वाटते. हरकत मोठी आहे. नियम असा धरावा की, जेवढा भार पिपे तोलू शकतील त्याच्या निम्माच भार त्यांवर घालावयाचा. सहा पिंपांची नाव घेऊ. पिंपांचे स्वतःचे वजन पन्नास-पंचावन्न किलो, लाकडाचा किंवा लोखंडी नळ्यांचा सांगाडा व फळ्या एकशेदहा, दोन माणसे एकशेतीस, इंजिन व पेट्रोल पंचेचाळीस, ओले जाळे, दोर आणि नांगर पन्नास, मासा ऐंशी. एकूण पावणेपाचशेच्या आत. सहा पिंपांची ताकद बाराशे, तिचे निम्मे सहाशे. म्हणजे ही नाव नियमात बसते. हाच हिशेब चार पिंपांवर करून पाहावा. पिंपांचे थोडे वजन वजा जाऊनही तो निम्म्याच्या वर जातो.

निम्म्याचाच आग्रह कशासाठी? आडवे पिंप बरोबर निम्मे बुडालेले असते तेव्हा पाण्याच्या पातळीशी त्याची रुंदी सर्वांत जास्त असते, आणि कलल्यावर नावेला सावरणारा जोर या रुंदीतूनच येतो. शिवाय खाली जावयास निम्मे पिंप शिल्लक राहते.

दुसरी गोष्ट, पिंपांच्या दोन रांगा एकमेकींपासून दूर असाव्यात. तीन-तीन पिंपांच्या दोन रांगा चिकटून बांधल्या, तर त्यांच्या मध्यांतील अंतर साठ सेंटिमीटर पडते. तेच अंतर दीड मीटर केले, तर कलंडण्याला होणारा विरोध जवळजवळ पाचपट होतो. पिंपे तीच, खर्च तोच. फक्त आडव्या फळ्या थोड्या लांब. पाय फाकून उभा राहिलेला पैलवान आणि पाय जुळवून उभा राहिलेला शाळकरी मुलगा, यांना बाजूने धक्का देऊन पाहिल्यासारखे हे आहे. जाळे ओढावयाचे ते उभ्याने किंवा गुडघ्यावर आणि नेहमी एकाच अंगावरून. तेव्हा मासेमाराला या फाकलेल्या पायांचे मोल इतरांहून अधिक.

मात्र या नावेचा एक स्वभाव सांगितलाच पाहिजे, कारण तिच्या गुणांची वाखाणणी करणारे तो सांगत नाहीत. साधी होडी कलते, डुलते, पाणी घेते. ती आधी सूचना देते. पिपांची नाव सूचना देत नाही. तिच्यावर माणूस फळीवर उभा असल्यासारखा निर्धास्त असतो, आणि एका बाजूची पिंपे पूर्ण पाण्याखाली गेली की सावरणारा जोर एकाएकी संपतो. समजा, सहा पिंपांवर पाच-सहा माणसे व सामान मिळून नऊशे किलो भार आहे. प्रत्येक बाजूवर साडेचारशे. मध्यभागी बसलेल्यांपैकी तीनशे किलोची माणसे ‘मोठा मासा लागला’ म्हणून एका काठाला धावली. त्या बाजूवरचा भार झाला सहाशे, आणि त्या बाजूची ताकदही सहाशेच. पुढची लाट उरलेले काम करते. सहलीच्या हौसेने अशा नावेवर गर्दी करणाऱ्यांनी हे गणित पाठ करावे.

पिंपांविषयी दोन व्यवहाराच्या गोष्टी. आपल्या बाजूला जुनी पिंपे मिळतात ती बहुधा कारखान्यांतून आलेली असतात आणि त्यांत काय भरलेले होते ते विकणाराही सांगू शकत नाही. ती घरी, विहिरीपासून दूर, पुनःपुन्हा धुवावीत. जलाशयाच्या काठी तर मुळीच धुऊ नयेत. छत्रपती संभाजीनगर शहर तेच पाणी पिते. दुसरी गोष्ट बुचाची. उन्हात पिंप तापते, आतली हवा फुगते. संध्याकाळी ते गार पाण्यात निवते, हवा आकसते आणि बूच सैल असेल तर त्याच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. रोज पेलाभर पाणी गेले तरी महिन्याने नाव एका अंगाला झुकलेली दिसते आणि मालक इंजिनाला दोष देत बसतो. बुचाखाली रबरी चकती घालावी आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक पिंप हलवून कान लावावा. प्रत्येक पिंप स्वतंत्र असल्यामुळे एक फुटले तरी बाकीची पाच नावेला धरून ठेवतात, हा या बांधणीचा खरा मोठा गुण.

आता इंजिनाकडे वळू. इंजिन बसविले म्हणजे नाव सुधारली, असा एक समज आहे. माझ्या मते इंजिन ही शेवटची गोष्ट, आधी नाव. पाण्यातून जाणाऱ्या नावेला तिच्या लांबीनेच वेगाची मर्यादा घालून दिलेली असते. पाण्यात असलेल्या लांबीचे मीटर घ्यावेत, त्यांचे वर्गमूळ काढावे, साडेचाराने गुणावे. ताशी तेवढे किलोमीटर. तीन पिंपांची रांग सुमारे पावणेतीन मीटर भरते, म्हणजे मर्यादा ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास. पिंपाचे तोंड बोथट. म्हणून प्रत्यक्षात पाच-सहाच मिळतात. पुढे पत्र्याचे निमुळते टोक बसविले तर किंचित फायदा होतो. पण दोन अश्वशक्तीच्या जागी आठ अश्वशक्तीचे इंजिन लावले तर वेग वाढत नाही. पेट्रोल जळते, मागे लाट उठते आणि नावेचा मागचा भाग खाली बसतो. दोन-अडीच अश्वशक्ती या नावेला पुष्कळ झाली. तिचा उपयोग शर्यतीला नाही. वारा सुटण्यापूर्वी काठ गाठावयाला आहे. दोन किलोमीटर वल्हवीत येणारा दमलेला मनुष्य वाऱ्याशी झुंजतो तेव्हा बहुधा वारा जिंकतो. इंजिनवाला वीस-पंचवीस मिनिटांत काठाला लागतो.

थर्माकोलच्या तराफ्यालाच इंजिन जोडण्याचा उद्योग कोणी करू नये. पेट्रोल थर्माकोलला विरघळविते. ज्याला शंका असेल त्याने घराबाहेर, विस्तवापासून दूर, थर्माकोलच्या तुकड्यावर पाच-सात थेंब टाकून पाहावेत. साखरेवर गरम चहा पडावा तसा खड्डा पडतो. शिवाय थर्माकोल झिजून त्याचे मणी पाण्यावर पसरतात आणि मासे ते अन्न समजून गिळतात.

बॅटरीवरची विजेची मोटरही वापरता येते. तिचा आवाज नसतो, पाण्यावर तेल सांडत नाही. आणि नाथसागर १९८६ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे, हिवाळ्यात येथे रोहित पक्षी येतात, हे ध्यानात घेता तीच अधिक शोभते. पण तिचाही हिशेब करावा. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्मीच रिकामी करावयाची असते, नाहीतर ती लवकर मरते. मोटर तीस अँपिअर ओढीत असेल तर हाती येतो दीड-पावणेदोन तास. म्हणजे जेथून पाऊण तासात परत येता येईल तेवढेच दूर जावे. आणि इंजिन कोणतेही असो, नावेवर दोन वल्ही आणि माणसागणिक एक तरणजाकीट हवेच. जाकीट उशाखाली घेऊन झोपणारे मी पाहिले आहेत. त्याने मानेचा बचाव होत असेल, जिवाचा होत नाही.

इंजिनाचा खरा शत्रू वारा नसून जाळे आहे. संध्याकाळी पाण्यात उभी सोडलेली तंगूसाची जाळी रात्रभर तशीच असतात. वर फक्त लहान तरंगते तुकडे दिसतात. पंखा त्यांत गुंतला की आपले इंजिन बंद आणि दुसऱ्याचे जाळे फाटलेले. मग काठावर जी भाषा चालते ती या व्यासपीठावर सांगण्यासारखी नाही. म्हणून पंख्याभोवती लोखंडी सळ्यांचा पिंजरा असावा आणि जाळ्याच्या आधी बऱ्याच अंतरावर इंजिन बंद करून पंखा वर उचलावा. जाळे ओढताना नाव अशी ठेवावी की वारा जाळ्याकडून आपल्याकडे येईल. पिपांची नाव उंच आणि हलकी असल्यामुळे वाऱ्याने झपाट्याने सरकते. अशा वेळी ती जाळ्यावर न चढता जाळ्यापासून दूर ढकलली जाते. नांगर टाकणे झाले तर तो पुढच्या टोकाकडून, कडेकडून कधीही नव्हे. धरणाखाली, पैठणच्या पुढे, वाहत्या पाण्यात तर हे विशेष पाळावे. कडेला बांधलेल्या दोराने वाहते पाणी नाव उलटविते. धरणाचे दरवाजे उघडणार अशी सूचना झाली की त्या बाजूला नाव घालूच नये. २००६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीने पैठणला काय केले ते ज्यांनी पाहिले, त्यांना हे सांगावे लागत नाही.

मासा कोठे सापडतो, हे विचारल्याशिवाय श्रोते मला सोडणार नाहीत. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून जाळे वर, मध्ये की खाली सोडावयाचे ते कोणता मासा हवा यावर ठरते. मरळ गवताळ कडेला राहते. ती पाण्यावर येऊन हवा घेते, आणि तिचा बुडबुडा ओळखणारे डोळे एका दिवसात तयार होत नाहीत. वाम चिखलात. चिलापी सगळीकडे, हा परदेशी मासा १९५२ साली हिंदुस्थानात आणला गेला आणि आता तो पाहुणा राहिलेला नाही. रोहू आणि मृगळ यांची गंमत अशी की, त्यांना अंडी घालावयाला पावसाळ्याचे वाहते, चढते पाणी लागते. तुंबलेल्या पाण्यात ते सहसा वीण करीत नाहीत. म्हणून त्यांचे बीज दरसाल बाहेरून आणून सोडावे लागते. हे बीज मिळू शकते ते हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञामुळे. त्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओरिसात माशाच्याच पोष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालावयास लावले. आपल्या ताटातल्या रोहूमागे हा इतिहास आहे. तेव्हा सोडलेले बोटभर बीज बारीक आसाच्या जाळ्याने पुन्हा उपसून काढणारा मनुष्य आपलेच पुढच्या वर्षीचे उत्पन्न खातो. सुरुंग आणि विष यांना तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा आणखी एक गोष्ट वर येते. या जलाशयाखाली शंभरावर गावांच्या जमिनी आणि वस्त्या गेल्या आहेत. पाणी ओसरले की भिंतींचे चौथरे, विहिरींचे कठडे आणि बाभळींचे खुंट पाण्याच्या पातळीच्या वीतभर खाली येतात, आणि वरून पाणी सर्वत्र सारखेच दिसते. पिपांची नाव जेमतेम फूटभर पाण्यात चालते, म्हणून ती त्यांवरून निसटून जाते. पंखा मात्र खाली असतो. ज्यांची घरे तेथे होती, त्या वृद्धांना अजून कोठे वेस आणि कोठे पार ते सांगता येते. उन्हाळ्यात नव्या पाण्यात जाताना असा एक मनुष्य बरोबर घ्यावा.

नाव तयार झाली की ती एकदम मोठ्या पाण्यात घालू नये. कंबरभर पाण्यात उतरवून वाळूची पोती मोजून चढवावीत. ठरलेला भार चढला की पिंपांवर पाणी जेथे टेकेल तेथे चारी कोपऱ्यांना पांढऱ्या रंगाची रेषा ओढावी. मग सगळी पोती एका अंगाला सरकवून नाव किती कलते ते पाहावे, आणि ते पाहताना पोरांना काठावरच ठेवावे. रंग पांढराच घ्यावा. पहाटेच्या अंधुक उजेडात दुसऱ्या नावेवरच्या माणसाला तोच आधी दिसतो.